उजेड गळतो कुठे? जुन्या पिकअपच्या हेडलाइटबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरला की या सदराकडे हेडलाइटची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या गठ्ठ्यातली काही इथे घेतली आहेत. एक पत्र सोडले तर सगळ्या गाड्या आपल्याकडच्याच, दहा वर्षांपुढच्या डिझेल पिकअप. बॅटरी १२ व्होल्टची, आणि अप्पर-डिप्पर दोन्ही एकाच बल्बात देणारा तीन पायांचा एच४ हॅलोजन, ६०/५५ वॅटचा. गाडी कोणत्या कंपनीची हे मुद्दाम छापलेले नाही, कारण या वयात सगळ्यांचे आजार सारखेच असतात.

उत्तरांसाठी सामान फार लागत नाही. एक डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून, हातभर सुटी वायर, १२० नंबरचा पॉलिश पेपर. एवढे गाडीत ठेवले तर निम्म्या वेळा वायरमनकडे जायची वेळ येत नाही.

नारायणगाव, टोमॅटो वाहतूक: २०१२ची पिकअप आहे. रात्री माळशेज घाटातून कल्याणला माल जातो. दोन्ही हेडलाइट पिवळे आणि मिणमिणते होते म्हणून ६०/५५ काढून १००/९०चे बल्ब टाकले. आठ दिवस बरे वाटले, मग डाव्या बाजूचा होल्डर वितळला. आता अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) बदलायला सांगतात. बदलू का?

इतक्यात नको. आधी मोजा, कारण हे ‘दुखणे हल्याला आणि डाग पखालीला’ असे होण्याची शक्यता मोठी आहे.

इंजिन बंद असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. मग इंजिन सुरू करून थोडी रेस द्या, साधारण १५०० आरपीएम, आणि हेडलाइट लावून पुन्हा मोजा. लाइट लावलेले असूनही बॅटरीवर १३.५ च्या वर आकडा टिकत असेल तर अल्टरनेटर त्याचे काम करतो आहे. त्याला हात लावू नका. आकडा १२.५ च्या खाली घसरत असेल तर मात्र आधी बेल्टचा ताण पाहा, मग बॅटरीची टर्मिनल, आणि शेवटी अल्टरनेटर.

आता खरी मोजणी. हेडलाइटच्या मागचा रबरी बूट सरकवा, पण होल्डर बल्बला लावलेलाच राहू द्या. पुष्कळ जण इथेच फसतात. होल्डर काढून मोजला की मीटर बॅटरीइतकेच व्होल्ट दाखवते आणि वायरिंग चांगले आहे असे वाटते. करंट वाहत नसेल तर वाटेत काही गळतही नाही. दोरा होऊन राहिलेली, तांब्याची एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा बिनभाराची पूर्ण व्होल्ट दाखवील. म्हणून बल्ब पेटलेला असतानाच, होल्डरच्या मागच्या बाजूने वायरीशेजारून मीटरची टोके आत सारून मोजायचे.

दोन मापे घ्या. पहिले: लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळे टोक होल्डरच्या डिप्परच्या पायावर. मीटरवर येईल तो आकडा म्हणजे जाणाऱ्या वाटेत हरवलेले व्होल्ट. दुसरे: लाल टोक होल्डरच्या अर्थच्या (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या) पायावर, काळे बॅटरीच्या निगेटिव्हवर. ही परतीच्या वाटेतली गळती. पहिला आकडा ०.५ च्या आत आणि दुसरा ०.२ च्या आत असेल तर वायरिंग ठीक म्हणायचे. दहा-बारा वर्षांच्या गाडीत जाणाऱ्या वाटेत दीड-दोन व्होल्ट हरवलेले सापडले तर नवल मानू नका.

दीड-दोन व्होल्टने काय बिघडते? हॅलोजनमध्ये उजेड व्होल्टच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घटतो. बल्बचा छापील उजेड १३.२ व्होल्टला मोजलेला असतो. होल्डरपाशी ११.८ पोहोचले तर त्याचा दोन तृतीयांश उरतो, १०.८ पोहोचले तर जेमतेम अर्धा. आणि बल्बातली तार कमी तापल्यामुळे तो पिवळाही पडतो. तुम्हाला दिसलेला पिवळेपणा बल्बचा नव्हता.

ही गळती होते कशी, तेही पाहा. ५५ वॅटचा एक बल्ब सुमारे ४.६ अँपिअर ओढतो, दोन मिळून ९.२. ज्या गाड्यांत हेडलाइटला रिले (थोड्या करंटने चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच) नाही त्यांत हा सगळा करंट बॅटरीतून फ्यूजबॉक्स, तिथून स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, मग अप्पर-डिप्परचे पॉइंट, मग डॅशबोर्डमागचे दोन-तीन कनेक्टर असा हिंडून पुढे येतो. या सगळ्या वाटेत मिळून ०.२ ओहम एवढा अडथळा साठला तरी १.८ व्होल्ट गेले. ०.२ ओहम साध्या मीटरच्या ओहमच्या रेंजवर धड दिसतही नाही, म्हणून तर वरची पद्धत.

१००/९०चा बल्ब टाकल्यावर डिप्परचा करंट बल्बमागे ४.६ वरून ७.५ वर गेला. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच सैल पायाशी आणि त्याच बारीक वायरीत अडीच पटीहून जास्त उष्णता. होल्डर वितळला तो असा. कॉम्बिनेशन स्विचच्या पॉइंटांनीही तेवढाच मार खाल्लेला आहे. तो उघडून प्लॅस्टिक तपकिरी झाले आहे का, हे पाहून घ्या.

उपाय: पुन्हा ६०/५५ चेच बल्ब आणि दोन रिले. रिले १२ व्होल्टचे, ३० किंवा ४० अँपिअरचे. एक डिप्परला, एक अप्परला. जोडणी अशी. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, तिच्यात बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, आणि ती रिलेच्या ३० नंबरच्या पायाला. दोन्ही रिलेंना वेगवेगळी वायर आणि १५ अँपिअरचा वेगवेगळा फ्यूज द्या. एकच फ्यूज ठेवला आणि तो घाटात उडाला तर अप्पर-डिप्पर दोन्ही एकदम जातात. ८७ नंबरच्या पायावरून दोन्ही बाजूंच्या नव्या होल्डरांना वायर. ८६ ला जुन्या होल्डरमधली डिप्परची (दुसऱ्या रिलेला अप्परची) वायर, ८५ ला अर्थ. म्हणजे जुन्या वायरिंगला आता फक्त रिलेची कॉइल ओढायची राहिली. ती अँपिअरचा पाचवा हिस्साही घेत नाही.

तीन ठिकाणी चुका होतात. एक, पाच पायांचा रिले घेतला तर मधल्या पायावर ८७ए लिहिलेले असते. तो रिले बंद असताना जोडलेला असतो. बल्बची वायर त्याला लागली की स्विच बंद केल्यावर लाइट पेटतात, आणि सकाळी बॅटरी बसलेली सापडते. दोन, रिले पाय खाली करून बसवा. पाय वर ठेवले तर पाणी आत साठते. तीन, काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्हवर नसून अर्थच्या बाजूला असतो. हे आधीच तपासा: होल्डर सुटा करून लाइट चालू करा आणि तिन्ही पाय बॅटरीच्या निगेटिव्हशी मोजा. डिप्परवर एक आणि अप्परवर दुसरा पाय १२ दाखवत असेल, तर वरची जोडणी चालेल. एकच पाय दोन्ही वेळा १२ दाखवत असेल तर गाडी अर्थ-स्विचची आहे. मग जुन्या होल्डरचा तो कायम १२ व्होल्टचा पाय दोन्ही रिलेंच्या ८५ ला जोडायचा. ८६ ची जोडणी तशीच राहते. वायरीच्या रंगांवर भरवसा ठेवू नका. इतक्या वर्षांत कुणी काय जोडले असेल सांगता येत नाही.

होल्डर सिरॅमिकचा घ्या. वायरीच्या टोकांना लग्ज (धातूचे जोड-कान) दाबून बसवा. नुसता पीळ मारून त्यावर टेप गुंडाळली तर दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच पत्र लिहावे लागेल.

देवगड, आंबा बागायतदार: डिप्पर लावला की डावा लाइट मंद पेटतो, आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही किंचित उजळतो. अप्पर केला तरी डावा मंदच. बल्ब दोनदा बदलला.

निळ्या दिव्यानेच निदान केले आहे. तुमच्या डाव्या हेडलाइटचा अर्थ तुटला आहे.

एच४ बल्बात दोन तारा आणि तीन पाय: डिप्परचा, अप्परचा, आणि दोघींचा मिळून एक अर्थ. अर्थ तुटला की डिप्परच्या तारेतून आलेल्या करंटला घरी जायची वाट उरत नाही. मग तो त्याच बल्बातल्या अप्परच्या तारेत उलटा शिरतो, अप्परच्या वायरीने उजव्या हेडलाइटपर्यंत जातो आणि तिथल्या अर्थातून बाहेर पडतो. वाटेत निळ्या दिव्यालाही थोडा प्रसाद मिळतो. काचेतून नीट पाहिलेत तर डाव्या बल्बात दोन्ही तारा लालसर दिसतील.

खात्रीसाठी सुट्या वायरीचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे डाव्या होल्डरच्या अर्थच्या पायाला टेकवा. लाइट लख्ख झाला की झाले. (गाडी अर्थ-स्विचची असेल तर हे करू नका. त्या पायावर पॉझिटिव्ह असते आणि ठिणगी उडेल. आधी वर सांगितल्याप्रमाणे मोजून घ्या.)

मग वायर धरून अर्थचा बोल्ट शोधा. बहुतेक गाड्यांत तो हेडलाइटच्या मागे रेडिएटरच्या आधारपट्टीवर किंवा आतल्या पत्र्यावर असतो. बोल्ट काढा, पत्रा रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात पांढरा चकचकीत होईपर्यंत घासा. नुसता रंग निघाला म्हणजे झाले असे नाही, कारण रंगाखालचा गंजही वीज अडवतो. लग नवा बसवा, पत्रा आणि लग यांच्यामध्ये दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असा उलटा क्रम नको.

किनाऱ्यावरच्या गाडीत आणखी एक पाहायचे. लगपाशी वायर सोलली की तांबे हिरवे किंवा काळे निघेल. चमकदार तांबे लागेपर्यंत मागे कापत जा. वीतभर मागे जाऊनही काळेच निघत असेल तर खारी हवा वायरीच्या आवरणातून पार आत गेली आहे. तेवढा तुकडा जोडण्यात अर्थ नाही, अर्थची नवीन १.५ किंवा २.५ ची वायर थेट चेसिसपर्यंत टाका. उजव्या बाजूचा बोल्टही त्याच दिवशी उघडा. तो याच हवेत तेवढीच वर्षे काढतो आहे.

सांगोला, डाळिंब वाहतूक: पंधरा-वीस दिवसांत एक तरी बल्ब उडतोच. कंपनीचे घेतले, स्वस्तातले घेतले, फरक नाही.

उडालेले बल्ब फेकू नका, त्यांच्या काचेकडे पाहा. आतून काळी-चंदेरी झाली असेल तर तार जास्त व्होल्टवर जळली आहे किंवा बल्ब आपले आयुष्य पुरते जगला आहे. पंधरा दिवसांत दुसरी शक्यता नाही. आत पांढरी पिवळट भुकटी असेल तर काचेला तडा जाऊन हवा शिरली, बहुधा तापलेल्या बल्बवर पाणी उडाल्याने. काच स्वच्छ आणि तार तुटून लोंबणारी असेल तर हादऱ्यांनी गेला. काचेला फोड आला असेल तर बसवताना बोट लागले. हॅलोजनची काच क्वार्ट्झची असते आणि बोटाचा तेलकटपणा तापून त्या जागी ती फुगते. बल्ब नेहमी पितळी बुडाला धरून बसवायचा. चुकून हात लागलाच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, वाळवून मगच पेटवायचा.

तुमच्या बाबतीत माझा संशय पहिल्यावर आहे. हेडलाइट, पंखा, सगळे बंद करून इंजिन २००० आरपीएमवर ठेवा आणि बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ योग्य. १४.८ च्या वर गेला तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) गेला. बल्ब याबाबतीत फार नाजूक असतो: व्होल्ट पाच टक्क्यांनी वाढले तरी त्याचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. बॅटरीचे पाणी वारंवार कमी होत असेल तर तीही याच गोष्टीची साक्ष. रेग्युलेटर बदलण्याआधी एकदा बॅटरीची टर्मिनल हलवून बघा. सैल टर्मिनल खड्ड्यात क्षणभर सुटले की अल्टरनेटरचे व्होल्ट उसळतात आणि तो झटका बल्बपर्यंत येतो.

आकडा बरोबर आला आणि तारा लोंबणाऱ्याच असतील, तर हेडलाइटचा डूम (रिफ्लेक्टरसकट अख्खा डबा) हाताने हलवून पाहा. मागचे प्लॅस्टिकचे कान तुटले असतील तर तो थडथडतो.

टेक्सास, अमेरिका: तीस वर्षांची जुनी अमेरिकन पिकअप आहे. मागे ट्रेलर जोडून रात्री वीसेक मिनिटे चालवली की हेडलाइट अचानक जातात, काही सेकंदांनी आपोआप परत येतात. फ्यूज शाबूत आहे.

आपोआप परत येणे हीच खूण आहे. फ्यूज उडाला की उडाला, परत येत नाही. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन पिकअपमध्ये हेडलाइटचे संरक्षण फ्यूज करत नाही. स्विचच्या आतच एक छोटा सर्किट ब्रेकर असतो. दोन धातूंची पट्टी तापली की वाकून करंट तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. म्हणजे काहीतरी तिला तापवते आहे.

ट्रेलरचे दिवे बहुतेक करून त्याच स्विचच्या पार्किंगच्या पॉइंटावरून गेलेले असतात. तो पॉइंट तापला की उष्णता शेजारच्या ब्रेकरला लागते. ट्रेलर सोडून एक रात्र चालवून पाहा. लाइट गेले नाहीत तर प्रश्न तिथेच आहे, मग ट्रेलरच्या दिव्यांना बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या. ट्रेलर नसतानाही जात असतील तर स्विच बाहेर काढून त्याच्या मागचा कनेक्टर पाहा. एखाद्या पायाभोवती प्लॅस्टिक तपकिरी किंवा वितळलेले असेल तर स्विच आणि कनेक्टर दोन्ही बदला. नवा स्विच जळक्या कनेक्टरला लावला तर तोही तसाच तापतो. नारायणगावच्या उत्तरातले दोन रिले इथेही चालतील, फक्त स्विच कोणत्या बाजूला आहे ते आधी मोजून.

ब्रेकर बाजूला सारून वायर थेट जोडायची नाही. दोष तसाच राहील आणि वायर तापत राहील, फरक इतकाच की सांगणारे कुणी उरणार नाही.

आपल्याकडच्या पिकअपमध्ये लाइट असे जात-येत असतील तर ब्रेकर शोधत बसू नका. लाइट गेलेले असताना अप्पर-डिप्परची काडी हळूच हलवा. हलवल्यावर आले तर कॉम्बिनेशन स्विचचे पॉइंट जळले आहेत.

लासलगाव, कांदा व्यापारी: एलईडी बल्ब टाकले. समोरचा प्रत्येक जण अप्पर मारतो, आणि तरी मला लांबचे आधीपेक्षा कमीच दिसते. हे कसे?

दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या. हॅलोजनच्या बल्बात डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि झोताला वरून सरळ कड मिळते. रिफ्लेक्टरचा बाक त्या तारेच्या जागेवर, मिलिमीटरच्या हिशोबाने आखलेला असतो. एलईडीत तारेच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना दोन ठिपके. जागा, आकार, दिशा काहीच जुळत नाही. उजेड पुष्कळ, पण सगळा विखुरलेला. थोडा समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि बराचसा तुमच्या बंपरपुढच्या दहा-पंधरा मीटरच्या डांबरावर सांडतो. जवळचा रस्ता असा पांढरा झाला की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो.

शिवाय मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात असे परस्पर बदल करता येत नाहीत, आणि आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग आहेच. तिथे हे बल्ब काढायला लावले तर वाद घालायला जागा नाही. मूळ ६०/५५ टाका, होल्डरपाशी व्होल्ट मोजा. १३ पोहोचले तर तुम्हाला एलईडीची आठवणही येणार नाही.

म्हापसा, गोवा, मासळी वाहतूक: रिकाम्या गाडीत झोत बरोबर पडतो, बर्फ आणि मासळी भरली की झाडांच्या शेंड्यांवर जातो. सेटिंग कोणत्या गाडीचे करायचे, रिकाम्या की भरलेल्या?

रात्री जशी चालवता तशा गाडीचे. तुमची भरलेली. मागचे पाटे बसले की नाक वर होते, आणि झोत एका अंशानेही उचलला गेला तर ५० मीटरवर तो जवळपास ९० सेंटिमीटर वर जातो.

आधी डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचे लेव्हलिंगचे चाक आहे का पाहा. असेल तर रिकाम्या गाडीला ०, आणि माल वाढेल तसा आकडा वाढवायचा. पुष्कळांना ते चाक कशाचे हेच माहीत नसते. फिरवल्यावर भिंतीवरचा झोत हलत नसेल तर डूममागची मोटर जाम आहे किंवा तिचा कनेक्टर निघाला आहे.

चाक नसेल तर: नेहमीएवढा माल, चारही चाकांत ठरलेली हवा, चालक जागेवर. सपाट जमिनीवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी सरळ उभी करा. डूमच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढा. तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी. एका डूमवर जाड कापड टाकून दुसऱ्याचा डिप्पर लावा. वरची कड खालच्या रेघेवर, किंवा त्याखाली चार-पाच सेंटिमीटरपर्यंत हवी. डाव्या हाताला कड थोडी वर चढलेली दिसेल, ती तशीच असायची. रस्त्याची कड आणि पायी चालणारे दिसावेत म्हणून ती दिलेली असते. डूममागच्या दोन स्क्रूंपैकी एक वर-खाली करतो, दुसरा डावी-उजवीकडे. एक फेरा, मग भिंत पाहा. कापड फार वेळ ठेवू नका, काच तापते.

कड कुठेच सापडत नसेल, नुसता ढग दिसत असेल, तर बल्ब खाचेत बसलेला नाही. त्याच्या चकतीला तीन कान असतात, त्यांतला रुंद कान वर येतो. कान खाचेत न बसवता स्प्रिंग दाबून अडकवली की बल्ब तिरका राहतो. कितीही स्क्रू फिरवले तरी मग उपयोग नाही.

थोडक्यात काही:

*डूमच्या आत पाणी साठते (चिपळूण).* मागचा रबरी बूट फाटला असेल, नाहीतर काच आणि डूम यांच्यातला डिंक सुटला असेल. डूम काढून उन्हात वाळवा, कडेने सिलिकॉन लावा. खालचे श्वासाचे भोक मात्र बुजवू नका, नाहीतर आतली वाफ आतच फिरते.

*प्लॅस्टिकची काच पिवळी पडली, टूथपेस्टने घासू का (जालना).* महिनाभर बरे दिसेल. टिकाऊ करायचे तर पाणी लावत ८००, १५००, २००० नंबरचा वॉटर पेपर, मग पॉलिश, आणि त्यावर ऊन सोसणारा क्लिअर कोट. कोट दिला नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर त्याला काहीच लावू नका. तो मुलामा इतका पातळ असतो की बोटाने पुसला तरी निघतो. डूमच बदलायचा.

*अप्पर केला की खड्ड्यात फ्यूज उडतो, दर वेळी नाही (बीड).* कुठेतरी अप्परची वायर पत्र्यावर घासते आहे. दोन्ही हेडलाइटचे होल्डर काढा, निळ्या दिव्याचा बल्बही काढा, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब जोडा. अप्पर चालू करा. बल्ब विझलेलाच राहायला हवा. आता एकाने बल्बकडे पाहायचे आणि दुसऱ्याने वायरिंगचा जुडगा फूट-फूट हलवत जायचे: बॅटरीच्या ट्रेखाली, रेडिएटरच्या कडेला, बॉनेटच्या कुलपापाशी, केबिनच्या पत्र्यातून वायर आत शिरते तिथे. ज्या जागी बल्ब भक्कन पेटेल तिथे वायर सोललेली सापडेल. बल्ब मध्ये असल्यामुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे शोधताना काही जळत नाही. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून शोधणाऱ्यांना शॉर्ट सापडतो खरा, पण धुरावरून. जागा सापडल्यावर नुसती टेप नको. तेवढा भाग कापून लग्ज आणि श्रिंक स्लीव्हने जोडा, वरून प्लॅस्टिकची नागमोडी नळी चढवा, आणि पत्र्याच्या भोकातली रबरी बुशिंग गळून पडली असेल तर तीही बसवा.